इंदूरचे पाणी : अहवाल आणि राखणदार

इंदूर मोठ्या नदीकाठी वसलेले शहर नाही. खान आणि सरस्वती या दोन लहान नद्या शहरात कृष्णपुऱ्याच्या आसपास एकत्र येतात, उत्तरेकडे जाऊन क्षिप्रेला मिळतात आणि पुढे चंबळ, यमुना असा प्रवास करीत गंगेच्या खोऱ्यात पोचतात. दक्षिणेला थोड्याच अंतरावर माळव्याच्या पठाराची कड तुटते आणि खाली नर्मदा उलट्या दिशेने, अरबी समुद्राकडे वाहते. म्हणजे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवरचे हे शहर दोन मोठ्या खोऱ्यांच्या सीमेला खेटून, पाणलोटाच्या माथ्याजवळ बसले आहे. वरच्या अंगाने वाहत येणारे दुसऱ्या कुणाचे पाणी त्याच्या वाट्याला येत नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत जे पडेल ते अडवायचे, साठवायचे आणि उरलेले आठ महिने पुरवायचे. पायाखालच्या बेसॉल्टमध्ये पाणी भेगांपुरते आणि झिजलेल्या थरांपुरते मुरते. वरची काळी माती पहिल्या पावसात पाणी पिऊन फुगते आणि मग पुढच्या पाण्याला वाट देत नाही. अशा जागी राजधानी वसवणे आणि पुढे तीस लाखांच्या घरातले महानगर वाढवणे हा मुळातच जोखमीचा व्यवहार होता. त्यामुळेच गेल्या दोनशे वर्षांत सैनिक, जीवशास्त्रज्ञ, शेतीतज्ज्ञ, अभियंते आणि अलीकडे हवामानबदलाचे अभ्यासक अशा निरनिराळ्या जाणकारांनी या शहराचा आणि त्याच्या परिसराचा अभ्यास केला. इंदूरला ज्ञानाची वाण कधीच पडली नाही. पण तो अभ्यास जेव्हा इथल्या माणसाच्या रोजच्या कामात उतरला आणि त्याला सांभाळणारा कुणीतरी उभा राहिला, तेव्हाच तो शहराच्या कामी आला. बाकीचा कपाटात राहिला. इंदूरच्या पाण्याच्या इतिहासातून मला हेच दिसते, आणि तो इतिहास थोडा तपशिलात जाऊन पाहिल्याशिवाय हे पटणार नाही.

अहिल्याबाईंनी आपली राजधानी महेश्वरला, नर्मदेच्या घाटावर ठेवली होती. इंदूर त्या काळीही व्यापारी पेठ म्हणून वाढत होते, पण राज्यकारभाराचे केंद्र होते बारमाही पाण्याच्या काठी. हे चित्र बदलले ते लढाईने. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव झाला, जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला स्थिरावली. शेजारी ब्रिटिश रेसिडेन्सी आली आणि वीसेक किलोमीटरवर महूची छावणी उभी राहिली. या निवडीत व्यापार होता, राजकारण होते आणि फौजेची सोय होती. पाण्याचा विचार त्यात फार मागे होता. महूची छावणी वसवणारा जॉन माल्कम हा या भागाचा पहिला पद्धतशीर अभ्यासक म्हणायला हरकत नाही. मध्य हिंदुस्थान आणि माळव्यावरचा त्याचा दोन खंडांचा ग्रंथ १८२३ साली निघाला. अहिल्याबाईंच्या कारभाराविषयी त्यात जो आदर आहे तो मराठी वाचकांना ठाऊक असतो; पण त्याच ग्रंथाला जोडून कॅप्टन डेंजरफील्ड याचा माळव्याच्या भूस्तरांवरचा लेख आणि नकाशा आहे, याची आठवण क्वचितच काढली जाते. या देशात झालेल्या अगदी सुरुवातीच्या भूवैज्ञानिक नकाशांपैकी तो एक. माल्कमचा हेतू उघड होता. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त झाल्यावर हा मुलूख शांत कसा ठेवायचा, फौज कुठून न्यायची, महसूल किती येईल, यासाठी त्याला माती, पाऊस, पिके आणि वाटा यांची माहिती हवी होती. हवामानाचा अभ्यास आणि मुलखाची सुरक्षा या दोन गोष्टी माळव्यात अशा सुरुवातीपासूनच एकत्र आल्या. पण ते ज्ञान रेसिडेन्सीकडे आणि छावणीकडे गेले, गावच्या पाटलाकडे किंवा तलावाच्या राखणदाराकडे नाही.

माळव्याची ख्याती पावलोपावली भाकर आणि पाणी मिळणारा मुलूख अशी होती. मारवाडात किंवा गुजरातेत पाऊस फिरला की तिकडची माणसे आणि जनावरे माळव्याकडे येत. हा विश्वास इतका मुरला होता, की इथे दुष्काळ पडूच शकत नाही असे राज्यकर्तेही धरून चालत. १८९९-१९०० च्या दुष्काळाने, विक्रम संवत १९५६ चा म्हणून ज्याला छप्पनचा काळ म्हणतात त्याने, तो समज मोडला. १९०१ च्या जनगणनेत इंदूर संस्थानाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत फार खाली आली होती. साडेआठ लाखांच्या आसपास माणसे उरली होती. पाठोपाठ प्लेग आला. ज्या मुलखाला संकटाची सवयच नव्हती, त्याच्याकडे संकटासाठी ठेवलेली शिल्लकही नव्हती. धान्याची कोठारे, चाऱ्याची तजवीज, तलावांची दुरुस्ती यांकडे सुबत्तेच्या काळात कुणी पाहिले नव्हते. आज हवामानबदलाचे अभ्यासक एक गोष्ट वारंवार सांगतात : गेल्या शंभर वर्षांची सरासरी पुढच्या दहा वर्षांची हमी देत नाही. माळव्याने ही गोष्ट १९०० साली मोठी किंमत देऊन शिकायला हवी होती.

शिकण्याची एक मोठी संधी १९१७ मध्ये आली. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबाराने पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश विद्वानाला शहराच्या आखणीसाठी बोलावले. गेडीस मूळचा जीवशास्त्रज्ञ. १९१४ मध्ये तो हिंदुस्थानात आला तेव्हा त्याचे नगररचनेचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडवले होते; तरीही नव्याने साहित्य जमवून त्याने देशभर फिरून शहराशहरांवर अहवाल लिहिले. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन त्याने सुरू केले आणि गोविंद सदाशिव घुर्ये यांच्यासारख्या विद्यार्थ्याला विलायतेस जाण्याची वाट त्याच्यामुळे मिळाली. १९१७ हे साल त्याच्यासाठी भयंकर होते : एप्रिलमध्ये मोठा मुलगा फ्रान्समध्ये युद्धात पडला आणि जूनमध्ये पत्नी कलकत्त्यात वारली. त्याच वर्षी हा माणूस इंदूरच्या गल्ल्या पायी तुडवत होता. दोन खंडांचा त्याचा अहवाल १९१८ मध्ये होळकर सरकारच्या छापखान्यात छापला गेला. त्याच्या हिंदुस्थानातल्या सगळ्या अहवालांत हा सर्वांत मोठा आणि सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला आहे, असे माझे मत आहे.

गेडीसचे पाण्याविषयीचे म्हणणे त्या काळच्या अभियंत्यांपेक्षा वेगळे होते. शहराचा सगळा मैला पाण्यात मिसळून खोल गटारांतून दूर नेऊन टाकायचा, ही विलायती पद्धत महाग आहे, कमी पाण्याच्या शहराला परवडणारी नाही आणि जमिनीचे खत वाया घालवणारी आहे, असे त्याने ठणकावून लिहिले. घाण जमिनीला द्या, बागांना द्या, नदीला देऊ नका, हा त्याचा आग्रह होता. नदीकाठ मोकळा करून तिथे बागा आणि फिरायच्या जागा असाव्यात, जुन्या विहिरी बुजवू नयेत, त्या साफ करून वापरात ठेवाव्यात, असेही तो सांगत होता. हिवतापाच्या भीतीने तलाव भरून टाकण्याची त्या वेळी चाल पडली होती. त्यावर तलावात मासे आणि बदके ठेवा, ती डासांच्या अळ्या खातील, तलाव मात्र राहू द्या, कारण तो उन्हाळ्यात हवा थंड ठेवतो आणि अतिवृष्टीत पाणी सामावून घेतो, असे त्याने आपल्या हिंदुस्थानी अहवालांत मांडले. शंभर वर्षांनी शहरी तापमानवाढ आणि पूरनियंत्रण यांवर जे लिहिले जाते, त्यातले बरेच त्यात आधीच आले आहे.

पण गेडीसने इंदुरात केलेले सर्वांत मोठे काम अहवालात नव्हते. प्लेगची धास्ती असताना दिवाळी आली. त्याने दरबाराकडून अधिकार मागून घेतला आणि जाहीर केले, की या वर्षीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यावरच्या लोकांनी आपली घरे सर्वांत चांगली झाडून, डागडुजी करून ठेवली असतील त्या रस्त्याने ती जाईल. त्याच्या चरित्रकारांनी या प्रसंगाचे वर्णन केले आहे. शहरभर घरे साफ झाली, कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या बाहेर निघाल्या. मिरवणुकीत प्लेग पसरवणाऱ्या उंदराची प्रतिमा होती आणि शुभ्र कपडे घालून, हार गळ्यात घेऊन शहराचे सफाई कामगार सन्मानाने चालत होते. शेवटी घरोघरी तुळशीची रोपे वाटली गेली. बाहेरून आलेला तज्ज्ञ इथल्या सणाच्या दारातून आत शिरला आणि ज्यांच्या हातात झाडू होता त्यांना त्याने पुढे काढले. रोगावरचा उपाय कागदावरून थेट माणसांच्या हातात गेला तो याच वेळी.

मग अहवालाचे काय झाले? काही रस्ते आणि नव्या वस्त्या त्याच्या विचाराने आखल्या गेल्या, हे मान्य करायला हवे. पण नदी आणि सांडपाणी या दोन गोष्टींबाबतचा त्याचा सल्ला बाजूला पडला. विसाव्या शतकात खान नदी हळूहळू शहराचा नाला झाली. नाल्यांतून नदीत जाणारे सांडपाणी अडवून, त्यावर प्रक्रिया करून इंदूरला देशातले पहिले 'वॉटर प्लस' शहर म्हणून मान्यता मिळाली ती ऑगस्ट २०२१ मध्ये, गेडीसच्या अहवालानंतर १०३ वर्षांनी. कुणी म्हणेल, की गेडीसचे विचार स्वप्नाळू होते. वाढत्या शहराला गटारांखेरीज गत्यंतर नव्हते. यात तथ्य आहे. लाखाच्या आतल्या वस्तीसाठी त्याने सुचवलेली बागांना खत देण्याची व्यवस्था वीस लाखांच्या शहराला जशीच्या तशी पुरली नसती. पण त्याचा मुद्दा यंत्रणेच्या आकारापुरता नव्हता. नदीत घाण सोडू नये हे तत्त्व कोणत्याही आकाराच्या शहराला लागू पडते. ते इंदूरने टाकले, कारण ते पाळणे हे एका कुणाचे काम म्हणून ठरलेच नव्हते. दिवाळीची मिरवणूक संपली तशी ती व्यवस्थाही विरली. गेडीस निघून गेला आणि त्याच्या जागी बसणारा कुणी नव्हता.

पुढच्याच दशकात घडलेली गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. १९२४ मध्ये इंदूर दरबाराने दिलेल्या तीनशे एकर जमिनीवर वनस्पती-संशोधनाची एक संस्था उभी राहिली. मध्य हिंदुस्थानातल्या संस्थानांचे आणि कापूस समितीचे पैसे तिला मिळत. बिहारात पुसा येथे बरीच वर्षे काम केलेला आल्बर्ट हॉवर्ड तिचा संचालक झाला. काम कापसावर व्हायचे होते, पण हॉवर्डला थोड्याच वेळात दिसले की कापसाचे दुखणे मातीचे आहे. काळी जमीन पावसाळ्यात चिंब होऊन मुळांचा श्वास कोंडते, उतारावरची माती पावसाबरोबर वाहून जाते, आणि शेण चुलीत जळत असल्याने जमिनीला सेंद्रिय खत मिळत नाही. म्हणून त्याने शेतांचे पाणी काढण्याची, माती धरून ठेवणाऱ्या बांधांची आणि गवताच्या पाटांची व्यवस्था लावली. आणि यशवंत वाड या मराठी रसायनशास्त्रज्ञाच्या बरोबरीने जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गाजलेली कंपोस्ट करण्याची रीत घडवली. कपाशीच्या पऱ्हाट्या टणक असतात, त्या सहजी कुजत नाहीत. म्हणून त्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरून ठेवायच्या, बैलगाड्यांची चाके त्यांचा चुरा करतात. मग उथळ खड्ड्यात काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर द्यायचे, पाणी शिंपडायचे, ठरावीक दिवसांनी तीनदा खालीवर करायचे. तीन महिन्यांत खत तयार. हॉवर्ड आणि वाड यांचे यावरचे पुस्तक १९३१ मध्ये निघाले, त्याच वर्षी हॉवर्ड इंदूर सोडून गेला.

हॉवर्ड गेल्यावर पद्धत थांबली नाही, हे महत्त्वाचे. वाड इंदुरातच होते. १९३४ मध्ये एफ. के. जॅक्सन आणि वाड यांनी तीच रीत माणसांच्या वस्तीतला मैला आणि कचरा यांवर कशी वापरायची याची पुस्तिका काढली. म्हणजे गेडीसने जे मागितले होते, ते प्रत्यक्ष करून दाखवण्याची पायरी इंदूरनेच गाठली. श्रीलंका, केनिया आणि आसामच्या मळ्यांनी ही पद्धत उचलली. महाराष्ट्रातल्या शेतीच्या पाठ्यपुस्तकांत इंदूर पद्धत आणि बंगलोर पद्धत ही नावे आजही शेजारी शेजारी छापलेली असतात, आणि पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची नाडेप टाकी त्याच परंपरेत पुढे आली. यावर एक आक्षेप रास्त आहे : कचरा कुजवून खत करणे ही हॉवर्डची कल्पना नव्हती, चीनच्या आणि हिंदुस्थानच्या शेतकऱ्यांना ती आधीपासून येत होती. हॉवर्डने स्वतः ते लपवले नाही. त्याने केले ते एवढेच, की थर किती जाड असावा, ओल किती राहावी, ढीग कधी उलटावा हे मोजून पाहिले आणि कुणीही करू शकेल असे सोपे करून ठेवले. माझ्या मते याने मूळ मुद्दा पक्काच होतो. शेतकऱ्याच्या हातातले कौशल्य तज्ज्ञाने तपासले आणि पुन्हा शेतकऱ्याच्याच हातात दिले, म्हणून ते टिकले. दुष्काळात ओल धरून ठेवणारी माती ही कोणत्याही धरणाइतकीच मोठी साठवण असते, आणि ती साठवण राखणारा माणूस त्या शेताचा मालकच असतो.

तलावांना असा मालक मिळाला नाही. बिलावली, सिरपूर, पिपल्यापाला हे होळकर काळातले तलाव शहराला पाणी देत होते. यशवंतराव होळकर दुसऱ्यांच्या काळात, १९३९ मध्ये, गंभीर नदीवर यशवंत सागर बांधले गेले. त्याच्या सायफनमधून सुटणारे पाणी पाहायला इंदूरकर अजूनही पावसाळ्यात गर्दी करतात. स्वातंत्र्यानंतर गिरण्या, कारखाने आणि वस्ती वाढली, आणि १९६० च्या दशकाअखेर शहराला उन्हाळा काढणे अवघड झाले. १९७० मध्ये 'नर्मदा लाओ' हे आंदोलन उभे राहिले. विद्यार्थी, कामगार, व्यापारी, सगळ्या पक्षांचे लोक रस्त्यावर आले. नर्मदेच्या पाणीवाटपाचा तंटा त्या वेळी आंतरराज्य लवादापुढे होता, तरी शहराने आपली मागणी पदरात पाडून घेतली आणि १९७८ मध्ये मंडलेश्वरजवळच्या जलूदहून नर्मदेचे पाणी इंदुरात आले. ते सत्तर किलोमीटर अंतर आणि सुमारे पाचशे मीटर चढ पार करून येते. पुढे दुसरा आणि तिसरा टप्पा झाला. नर्मदेचे पाणी आले नसते तर आजचे इंदूर नसते, हे कुणीही प्रामाणिक माणूस नाकारणार नाही, आणि त्या आंदोलनाचा इंदूरकरांना वाटणारा अभिमान योग्यच आहे.

तरी या यशाची दुसरी बाजू सांगायलाच हवी. दूरचे पाणी आल्यावर जवळच्या पाण्याकडे पाहण्याची गरज संपली, असे शहराने धरले. तलावांच्या काठांवर अतिक्रमणे झाली, पाणलोटातले ओढे बुजले, विहिरींत कचरा पडला, आणि ज्या नव्या वस्त्यांत नर्मदेची नळवाहिनी पोचली नव्हती त्या कूपनलिकांवर राहिल्या. वरच्या अंगाच्या धरणांमुळे नर्मदेत उन्हाळ्यातही पाणी राहते; पण त्याच धरणांपैकी इंदिरा सागरच्या पाण्याखाली २००४ मध्ये हरसूद हे भरले गाव गेले. इंदूरच्या नळाला येणाऱ्या पाण्यात हरसूदचाही हिस्सा आहे, हे इथल्या प्रत्येक घराने लक्षात ठेवले पाहिजे. शिवाय हे पाणी विजेवर चढते. वीज खंडित झाली, मुख्य वाहिनी फुटली, की दोन दिवसांत शहर हवालदिल होते. वीजबिलाचा भार महापालिकेला इतका जड झाला, की फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे सामान्य गुंतवणूकदारांना विक्रीस काढले, जलूदला ६० मेगावॉटचा सौरऊर्जा प्रकल्प उभारण्यासाठी. लोकांनी ते मागणीपेक्षा जास्त उचलले. हा मार्ग चांगला आहे आणि लोकांचा विश्वासही त्यातून दिसतो. पण सौरऊर्जेने पाणी चढवण्याचा खर्च कमी होतो, एकाच नळीवर अवलंबून असण्याची जोखीम कमी होत नाही.

अशा जोखमीचा शास्त्रशुद्ध अभ्यासही इंदुरात झाला आहे. २००८ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने आशियातल्या शहरांनी हवामानबदलाला कसे तोंड द्यावे यासाठी एक जाळे सुरू केले; त्यात भारतातून प्रथम सुरत, गोरखपूर आणि इंदूर ही तीन शहरे घेतली गेली. इंदुरात 'तरु' या संस्थेच्या अभ्यासकांनी शहरातले अधिकारी आणि नागरिक यांची सल्लागार समिती करून पाणीटंचाई, अतिवृष्टी आणि गरीब वस्त्यांची स्थिती यांचा आढावा घेतला. निष्कर्ष असा निघाला, की एकाच मोठ्या स्रोतावर न राहता विहिरी, पाऊसपाणी, तलाव, पुनर्वापराचे पाणी असे अनेक लहान स्रोत निरनिराळ्या कामांसाठी वापरावेत आणि ते वस्तीपातळीवर सांभाळावेत. त्याचे काही प्रयोगही झाले. गेडीसने १९१८ मध्ये जे लिहिले होते, त्याच्याजवळ हे तज्ज्ञ नव्वद वर्षांनी दुसऱ्या वाटेने पोचले. मधल्या काळात हवामान मात्र बदलत होते. ऑगस्ट २०२० मध्ये इंदुरात एका दिवसात अडीचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. वर्षभराच्या सरासरीचा जवळपास पाव हिस्सा. ज्या ओढ्यांनी ते पाणी वाहून न्यायचे, ते बांधकामाखाली होते.

इथे जगाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहणे उपयोगी आहे. मराठी वाचकाची आर्क्टिकशी ओळख टिळकांच्या १९०३ सालच्या ग्रंथापासून आहे, पण आज तिथे घडते त्याचा संबंध थेट आपल्या पावसाशी असू शकतो. गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचे 'हिमाद्री' हे ठाणे २००८ पासून स्वालबार्डवर काम करते, आणि कारा समुद्रावरचे उन्हाळी बर्फ कमी होणे व मान्सूनच्या अखेरच्या टप्प्यातली मध्य भारतातली अतिवृष्टी यांत नाते असावे, असे मांडणारे संशोधन त्या केंद्राच्या शास्त्रज्ञांनी केले आहे. भारताच्या २०२२ च्या आर्क्टिक धोरणातही मान्सूनचा उल्लेख आहे. उत्तर ध्रुवाभोवतीच्या देशांत आज सुरक्षेवर जो अभ्यास होतो, त्यात युद्धनौका आणि तळ जेवढे असतात तेवढीच वितळणारी गोठलेली जमीन, खचणारी घरे आणि खाल्ला जाणारा किनाराही असतो. माल्कमच्या काळी माळव्यात जे घडले, म्हणजे मुलखाची माहिती फौजेसाठी गोळा झाली आणि तिथेच राहिली, ते आर्क्टिकमध्येही बराच काळ घडले. तिथे एक सुधारणा मात्र झाली : १९९६ मध्ये स्थापन झालेल्या आर्क्टिक परिषदेत तिथल्या मूळ रहिवाशांच्या सहा संघटनांना कायमच्या सहभागीचा दर्जा आहे. भारताला २०१३ मध्ये जी जागा मिळाली ती निरीक्षकाची. अलास्कातल्या न्यूटोक या गावाचा किनारा नदी खाऊ लागली तेव्हा गावकऱ्यांनी स्वतः नवी जागा निवडली आणि २०१९ पासून ते मेर्टार्विकला राहायला जाऊ लागले. अडचणी, पैशांचा तुटवडा, वर्षानुवर्षांचा उशीर हे सगळे तिथे झाले, पण निर्णय गावाच्या हातात राहिला, म्हणून गाव एकत्र राहिले.

स्थानिकांनीच आपली जागा राखल्याचे उदाहरण इंदुरातही आहे, आणि ते मराठी माणसाचे आहे. सिरपूर तलाव अतिक्रमणाने आणि सांडपाण्याने संपत आला होता. चित्रकार-छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांच्या 'द नेचर व्हॉलंटियर्स' या गटाने तो वर्षानुवर्षे राखला : काठ सांभाळणे, पक्ष्यांच्या नोंदी, प्रशासनामागे लकडा. २०१६ मध्ये मोंढे यांना पद्मश्री मिळाली, २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंत सागर या दोन्ही ठिकाणांना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये उदयपूरबरोबर इंदूर हे 'पाणथळ शहर' म्हणून मान्यता मिळालेले भारतातले पहिले शहर ठरले. बाहेरची मान्यता येण्याआधी कित्येक वर्षे राखणदार तिथे उभा होता.

यावर शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप हा, की शहराची सुरक्षा अशा एखाद्या धडपड्या माणसाच्या भरवशावर सोडता येत नाही. ते सरकारचे काम आहे. आक्षेप अगदी बरोबर आहे. राखणदार लागतो असे म्हणताना शासनाला मोकळे सोडण्याचा माझा हेतू नाही. उलट स्वच्छतेत इंदूरने २०१७ पासून जे सातत्य दाखवले, ते महापालिकेने प्रत्येक वॉर्डाला, प्रत्येक गाडीला, प्रत्येक फेरीला जबाबदार माणूस ठरवून दिला म्हणून. कचऱ्याबाबत जे जमले ते पाण्याबाबत जमू नये असे काही कारण नाही. कचऱ्याची गाडी आली नाही तर इंदूरकर फोन कुणाला करायचा हे जाणतो. बिलावलीचा ओढा बुजला तर कुणाला विचारायचे, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून महापालिकेकडे मागणी एवढीच करावी : सिरपूर, बिलावली, पिपल्यापाला आणि यशवंत सागर यांच्यासह शहराच्या प्रत्येक तलावाला, आणि वापरात आणता येईल अशा प्रत्येक सार्वजनिक विहिरीला, एक नावानिशी जबाबदार अधिकारी आणि त्या वस्तीतली नागरिकांची समिती नेमावी, आणि दर वर्षी पावसाळ्याआधी त्या पाण्याची पातळी, गाळ आणि अतिक्रमण यांचा ताळेबंद जाहीर सभेत वाचून दाखवावा. इंदुरातल्या मराठी संस्थांनी ही मागणी पुढच्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवारापुढे ठेवावी.